न गाणारे मूल आणि कायदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट आणि जानेवारी आला की वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात एक वाक्य हमखास दिसते : ‘ज्याला राष्ट्रगीत म्हणायचे नाही, त्याला शाळेतून काढून टाका.’ वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण ते कायद्यात बसत नाही आणि ख्रिस्ती श्रद्धेतही बसत नाही.

आधी एक खुलासा. कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट अशा बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांना राष्ट्रगीताचे वावडे नाही. १५ ऑगस्टला कॅथलिकांचा मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की चर्चच्या आवारातच झेंडावंदन होते आणि राष्ट्रगीत खड्या आवाजात म्हटले जाते. अडचण आहे ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या छोट्या पंथाची. ते कोणत्याच देशाचे राष्ट्रगीत गात नाहीत, कारण गाणे ही त्यांच्या लेखी उपासना आहे आणि उपासना फक्त देवाची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत ते मानत नाहीत, त्यामुळे आमच्या बहुतेक मंडळ्या त्यांना ख्रिस्तीच समजत नाहीत. तेव्हा हे पत्र म्हणजे आपल्या माणसांची वकिली नव्हे.

भारतात या प्रश्नाचा निकाल लागून चार दशके झाली. केरळमधील एका शाळेत या पंथाची तीन भावंडे दहावीत, नववीत आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती सर्वांबरोबर शिस्तीत उभी राहत, फक्त गात नसत. त्याच शाळेत शिकून गेलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणींनीही तेच केले होते आणि कोणाला त्याचे काही वाटले नव्हते. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या ते नजरेस आले. विधानसभेत प्रश्न झाला, चौकशी आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असे आयोगाने सांगितले. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याचा हुकूम आला म्हणून मुख्याध्यापिकेने २६ जुलै १९८५ रोजी तिघांची नावे कमी केली.

केरळ उच्च न्यायालयाने दोनदा दाद नाकारली, आधी एका न्यायमूर्तींनी, मग खंडपीठाने. राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला, त्यात कोणाच्याही धर्मभावनेला धक्का लागेल असे काही नाही, हे त्याचे कारण. गोम इथेच होती. त्या मुलांचा शब्दांवर आक्षेपच नव्हता. ‘जन गण मन’ऐवजी दुसऱ्या कुठल्या देशाचे गीत असते तरी त्यांनी ते गायले नसते. न विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर देऊन न्यायालय मोकळे झाले होते.

‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही चूक दुरुस्त केली. निकालाची तारीख ११ ऑगस्ट १९८६. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर होता. न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांना पुन्हा प्रवेश द्यायला सांगितले. मात्र तोवर वर्ष उलटून गेले होते, आणि दहावीतल्या मुलाचे वर्ष म्हणजे काय हे पालकांना वेगळे सांगायला नको.

निकालातल्या तीन गोष्टी प्रत्येक मुख्याध्यापकाने टेबलाच्या काचेखाली ठेवाव्यात अशा आहेत. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कोणताही कायदा नाही आणि आदराने उभे राहून न गाणे हा अनादर नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट परिपत्रकांची. शाळेने आधार घेतला होता तो शिक्षण संचालकांच्या १९६१ आणि १९७० च्या परिपत्रकांचा. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२) प्रमाणे निर्बंध घालायचा तर त्यामागे कायदा लागतो; खात्याची सूचना म्हणजे कायदा नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्याकडे नेमके इथेच बिघडते. ‘वरून पत्र आले आहे’ हे चार शब्द ऐकले की पुढचा विचार थांबतो. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. एखादी श्रद्धा न्यायाधीशाला पटते का, शहाणपणाची वाटते का, हे गैरलागू आहे. ती मनापासून, सद्सद्विवेकाने बाळगलेली असेल तर धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २५ चे संरक्षण तिला मिळते. अर्थात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत.

संरक्षण मिळाले ते उभे राहून गप्प राहणाऱ्या मुलांना, हेही विसरून चालणार नाही. राष्ट्रगीत चालू असताना मुद्दाम बसून राहणारा, मोबाइलवर बोलणारा, खिदळणारा कोणी या निकालाकडे बोट दाखवील तर ते त्याला लागू पडणार नाही.

शिक्षेची भाषा करणाऱ्यांनी राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा एकदा उघडून पाहावा. त्याच्या कलम ३ मध्ये राष्ट्रगीताबाबत दोनच कृत्यांना शिक्षा सांगितली आहे : हेतुपुरस्सर कोणाला राष्ट्रगीत गाऊ न देणे आणि ते गात असलेल्या सभेत व्यत्यय आणणे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास किमान १ वर्ष कैद, ही २००३ ची भर. ‘न गाणे’ यात कुठेच नाही. उलट राष्ट्रगीत चालू असताना गप्प मुलावर खेकसणारा, त्याचा दंड धरून ओढणारा मोठा माणूसच कलम ३ मधल्या ‘व्यत्यया’च्या जास्त जवळ जातो! त्याच कायद्याच्या कलम २ खाली आणखी एक स्पष्टीकरण आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. संविधान किंवा राष्ट्रध्वज सनदशीर मार्गाने बदलून घेण्यासाठी त्यांच्यावर केलेली टीका गुन्हा ठरत नाही. ध्वजाच्या सन्मानासाठी केलेल्या कायद्यानेच टीकेला जागा ठेवली आहे.

चित्रपटगृहांचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. महाराष्ट्रात २००३ पासूनच खेळाआधी राष्ट्रगीत लागत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० नोव्हेंबर २०१६ च्या अंतरिम आदेशाने ते देशभर सक्तीचे झाले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानेच ते ऐच्छिक केले. गृह मंत्रालयाच्या सूचना तर आधीपासून व्यवहारी आहेत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद, संक्षिप्ताला सुमारे २०. ते चालू असताना श्रोत्यांनी सावधान उभे राहावे. पण माहितीपटात किंवा चित्रपटाच्या ओघात ते वाजले तर उभे राहण्याची अपेक्षा नाही, कारण तेव्हा सन्मानापेक्षा गोंधळच वाढतो.

आता श्रद्धेची बाजू. ‘कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला’ हे वचन अशा वेळी सगळेच फेकतात, आम्हीही. पण बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातले एक वचन (२:१७) अधिक नेमके आहे. त्यात चार छोट्या आज्ञा आहेत : सर्वांना मान द्या, बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचे भय धरा, राजाचा मान राखा. मूळ ग्रीकमध्ये राजाच्या वाट्याला आलेले क्रियापदच पहिल्या आज्ञेत ‘सर्वां’साठी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसासाठीही वापरले आहे. भय, म्हणजे उपासना, एकट्या देवासाठी राखून ठेवली आहे. हे पत्र ज्या रोमन साम्राज्यात वाचले जात होते, तिथे पुढे सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहा, ही ख्रिस्ती माणसाची परीक्षा ठरली. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी या राज्यपालाने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ती पद्धत नोंदलेली आहे. ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करायला तयार होते. सम्राटाची प्रार्थना करायला नव्हते. ‘साठी’ आणि ‘ची’ यांतले हे अंतर आम्हाला कळते. म्हणून राष्ट्रगीतात उपासना नाही असे आमचे ठाम मत असूनही, ज्याला ती दिसते त्याची अडचण काय आहे हे आम्हाला समजते.

सक्तीने काय साधते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ध्वजवंदनाची सक्ती उचलून धरली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी जमावांचे हल्ले झाले, मुलांना शाळांतून काढले गेले. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, त्याच न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आधीचा निकाल फिरवला. तो दिवस तिथला ध्वजदिन होता आणि महायुद्ध ऐन भरात होते. आपल्या न्यायालयाने १९८६ मध्ये या दोन्ही निकालांचा विचार केला होता.

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, ख्रिस्ती माणूस सोयीचे तेवढे सांगतो आहे. म्हणून थोडे घरचे. ख्रिस्ताची टिंगल करणारे नाटक, चित्रपट किंवा व्यंगचित्र आले की आमच्यातलेही काही जण पोलीस ठाण्याची पायरी चढतात. धर्मभावना दुखावण्याच्या गुन्ह्याचे भारतीय न्याय संहितेतले कलम २९९ (जुने २९५अ) सर्वांच्या तोंडपाठ असते. पण भावना दुखावल्या एवढे त्याला पुरत नाही. ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ अपमान झाला पाहिजे, हे त्याचे मर्म असल्याचे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९५७ मध्येच सांगितले आहे. ३ वर्षे किंवा अधिक, पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे पोलिसांना उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ही पायरी गाळू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये बजावले. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने, चटकन घाबरणाऱ्याच्या नव्हे, हेही त्याच निकालात आहे. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ या चित्रपटावर आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू सरकारांनी बंदी घातली, ती दोन्ही उच्च न्यायालयांनी उठवली. चित्रपट आला, गेला. चर्च जागच्या जागी आहे.

आणि ज्यांना राजसत्तेने धर्म सांभाळावा असे वाटते, त्यांनी पोर्तुगीज अमलातला गोवा आठवावा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा व्हॅटिकनशी १९४० चा करार होता, कॅथलिक चर्चला सरकारी मान होता, आणि छापल्या जाणाऱ्या ओळी सेन्सॉरच्या नजरेखालून जात होत्या. त्या सरकारने १९४६ मध्ये लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात धाडलेले गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा कॅथलिक घराण्यातलेच होते. (होमरूल चळवळीतले काका बॅप्टिस्टा आणि कवी रे. ना. वा. टिळक या देशभक्त ख्रिस्ती माणसांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत. देशप्रेमाचा दाखला दर वेळी जोडावा लागणे हाच आमच्या तक्रारीचा विषय आहे.)

शेवटी शाळांसाठी. आपल्या परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना एका दमात होतात, त्यामुळे सगळ्यांचे नियम एकच असावेत असा समज होतो. तसे नाही. राष्ट्रगीताला अनुच्छेद ५१अ(अ) चे आदराचे कर्तव्य आहे; प्रार्थनेला अनुच्छेद २८(३) लागतो. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती संमतीशिवाय करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती चूक ठरवली. हा नियम आमच्या मिशनच्या शाळांनाही तितकाच लागू आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला हिंदू-मुस्लिम मुलांना भाग पाडणाऱ्या शाळेला अनुच्छेद ३० ची, म्हणजे अल्पसंख्याकांच्या शाळा चालवण्याच्या हक्काची, ढाल मिळणार नाही.

एखादे मूल गात नाही असे लक्षात आले तर वर्गासमोर विचारू नये. पालकांना बोलावून कारण समजून घ्यावे आणि त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेऊन त्या फाइलला लावाव्यात. मूल शिस्तीत उभे राहते का, एवढेच पाहावे. त्याला वेगळ्या रांगेत उभे करू नये किंवा त्या वेळेपुरते वर्गात कोंडून ठेवू नये. मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, आणि कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. इतके करूनही कुटुंबाने कंटाळून शाळा बदलायचे ठरवले, तर दाखल्यावरच्या ‘वर्तणूक’ रकान्यात या विषयाचा उल्लेख नसावा. तिथे इतर मुलांच्या दाखल्यावर लिहितात तेच लिहावे : ‘चांगली’.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर