धंदा वेगळा, निगा वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात माथेरानच्या घोड्यांविषयी एक पत्र होतं. घोडेवाल्यांची पोरं लीद काढण्यात वाया जातात, घोडे बंद झाले तर निदान ती तरी शिकतील, असा त्याचा सूर होता. मी त्या लीद काढणाऱ्या पोरांपैकीच. आता बदलापूरला असते, नोकरी करते. वडील दस्तुरी नाक्यावर, जिथून पुढे गाड्यांना बंदी आहे, घोडा लावायचे, आता भाऊ लावतो.

पत्रातलं अर्धं मला मान्य आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला गिऱ्हाइकाच्या घोड्यामागे पळवणं वाईटच. माझा भाऊ पळालेला आहे. दस्तुरी ते बाजार आणि परत, दिवसाला चार-पाच खेपा, तोंडात लाल माती. दिवाळी, नाताळ, मे महिना, म्हणजे इतर मुलांची सुट्टी तो आमचा सीझन. मामाच्या गावाला जाणं आम्ही फक्त पुस्तकात वाचलं. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाली तेव्हा घोडेवाल्यांत नाराजी होती, आमच्या घरातही होती. पण आईचे गुडघे गेलेत आणि दवाखान्यात ती आता त्याच रिक्षाने जाते. भाऊच बसवून देतो.

तेव्हा धंद्याची बाजू घ्यायला हे पत्र नाही. घोड्याची निगा राखणं ही मात्र धंद्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि तिने आम्हाला वाया घालवलं नाही, एवढंच सांगायचं आहे.

आमची चांदणी कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा टिळा. पहाटे पाणी, मग गवत, मग अंग घासायचा खरारा. दाण्याचा तोबरा चढवण्याचं काम माझं. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, म्हणून थोडं थोडं आणि वेळेवर द्यावं लागतं. आमच्या घराला घड्याळ तिचंच होतं. गावात कुणाचंही लग्न असो, आम्ही चौघं कधी एकत्र गेलो नाही. एक जण मागे राहणार, हे ठरलेलं. सीझनचे पैसे हाती आले की पावसाळ्याचं गवत आणि कोंडा आधी, आमची दप्तरं नंतर. एका वर्षी आईची पाटली गेली ती घोडीच्या औषधपाण्यात. आईने त्याबद्दल वडिलांना पुढची दहा वर्षं ऐकवलं, हेही लिहायला हवं.

तेव्हा पावसाळ्यात पर्यटक नसायचे, मिनी ट्रेन बंद असायची, आणि वर पाऊस असा की वाळलेलं काही उरायचं नाही. मग आम्ही घोडी खाली नेरळकडे न्यायचो. त्या दिवसांत रोज चारही खूर उचलून आकड्याने माती उकरायची आणि खुराला नाक लावून वास घ्यायचा. मधला मऊ भाग सडायला लागला की डोळ्याला दिसायच्या आधी वासाला कळतं. सातवी-आठवीत मला बीजगणित येत नव्हतं, पण हे येत होतं.

१९९१ च्या डिसेंबरातली एक रात्र सांगते. मी अकरा वर्षांची. रात्री नऊच्या सुमारास चांदणी पुढच्या पायाने जमीन खरवडू लागली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. पोटात कळ. घोड्याला ओकता येत नाही. जे अडलं ते आतच अडतं. आणि वेदनेने ती लोळली तर आतड्याला पीळ पडायची भीती. वडिलांनी दोर माझ्या हातात दिला. "बसू देऊ नकोस," एवढंच म्हणाले, आणि हॉटेलातून फोन करायला पळाले. खालचे गुरांचे डॉक्टर सकाळशिवाय येणं शक्य नव्हतं. गाडी दस्तुरीच्या पुढे येत नाही, त्यात ती रात्र.

आम्ही तिला फिरवत राहिलो. मी, मग वडील, मग भाऊ, पुन्हा मी. घरापासून वडाच्या झाडापर्यंत आणि परत. ती गुडघे मोडायला लागली की मी दोर ओढायचे आणि तिच्याशी बोलायचे. काय बोलले आठवत नाही, बहुतेक पाढे म्हटले. पहाटे तीनच्या पुढे तिने शेपटी उचलली आणि लीद टाकली. वडील कंदील घेऊन वाकले, ती हातात घेऊन दाबून बघितली आणि मोठ्याने हसले. आईने चुलीवर चहा ठेवला. पत्रलेखकांना जिची किळस येते त्या लिदीवर आमच्या घराने इतका आनंद केलेला आहे.

माझ्या भावाचा राग लहानपणी फार वाईट. शाळेत मार खाऊन आला की खोगीर आपटायचा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एका हिसक्यात आवळायचा. चांदणी त्याहून बिलंदर. तंग आवळताना ती श्वास घेऊन पोट फुगवायची. पुढे गेल्यावर पोट सोडलं की तंग ढिला आणि खोगीर एका अंगाला. एकदा तो त्यासकट खाली आला. मग शिकला: आधी हलकं आवळायचं, दहा पावलं चालवायचं, मग पुन्हा आवळायचं. त्याला घाई न करायला शाळेतल्या कुणी शिकवलं असेल तर मला माहीत नाही.

घोडे कमी होतील, ते दिसतंच आहे. माझी मागणी इतकीच की रिक्षा किती आणि परवाने कुणाला, हे ठरवताना उरलेल्या घोड्यांचा डॉक्टर, पाणी आणि पावसाळ्यातला निवारा यांचाही विचार व्हावा. आणि ज्यांना घोडी विकावी लागते त्यांची मुलं सुटली, असं कुणी धरून चालू नये.

भावाने यंदा दोनपैकी एक घोडी विकली. ही त्या चांदणीची नात. माझा बारा वर्षांचा मुलगा दर मे महिन्यात वर जाऊन तिचा खरारा करायचा. बातमी ऐकून तो रडला नाही. मामाला फोनवर एवढंच विचारलं, "ती पोट फुगवते, हे त्यांना सांगितलंस का?" भावाने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं.

आपली,
एक वाचक, बदलापूर
(कृपया नाव छापू नये.)