सूचना : गुरुवारी अंगणवाडी-बालवाडी पाहणी

पालकहो,
येत्या गुरुवारी सकाळी १० वाजता मारुतीच्या पारावर जमायचं आहे. कामाचा वार आहे, ठाऊक आहे. पण रविवारी सगळं बंद असतं. वॉर्डातल्या दोन अंगणवाड्या आणि पालिकेची बालवाडी पाहून येऊ. ३ ते ६ वर्षांचं मूल असलेल्या प्रत्येक घरातून एकाने तरी यावं.

रंगवलेल्या भिंतींना भुलू नका. बघायचं ते असं :
• सेविका, मदतनीस दोघी हजर आहेत का
• आहार गरम, ताजा आहे का (ताईंना विचारून घासभर चाखा)
• पाणी, संडास
• गाणी-गोष्टी चालतात, की नुसती घोकंपट्टी

अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणाची सोयही असते, तुलनेत तेही धरा. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. येणाऱ्यांनी बुधवारपर्यंत कळवा.