लंडनचे धुके आणि खानदेशचा फुफाटा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणाऱ्या ऐतिहासिक गुप्तहेर कादंबऱ्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लंडनचे धुके, गॅसचे दिवे आणि ओल्या फरसबंदीवर वाजणाऱ्या टापा यांचे वर्णन लेखकाने रसाळ केले आहे, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र लेखाच्या अखेरीस त्यांनी असे म्हटले आहे, की आपल्याकडे त्या काळी तपास असा नव्हताच, होता तो मार आणि त्यापाठोपाठ कबुली, त्यामुळे मराठी लेखकाला अशी कादंबरी लिहायची तर ती लंडनमध्येच घडवावी लागेल. न्यायालयात ३१ वर्षे कारकुनी केलेल्या आणि त्यांतील बराच काळ मुद्देमालाच्या खोलीच्या किल्ल्या सांभाळलेल्या माझ्यासारख्या धुळेकराला हे विधान मुकाट्याने गिळणे जमत नाही, म्हणून हे पत्र.

मार होता हे खरेच आहे. पण मारून मिळवलेल्या कबुलीचे पुढे न्यायालयात काय होई, हे लेखकाने पाहिलेले दिसत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच ठरवून टाकले होते. हीच तरतूद पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात २५ वे कलम होऊन बसली, आणि १ जुलै २०२४ पासून कायद्याचे नाव बदलले तरी ती कायम आहे. खुद्द इंग्लंडात इतका कडक नियम नव्हता. इथल्या पोलिसांवर साहेबाचाच विश्वास नव्हता, म्हणून तो झाला. मात्र त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने एक फट उघडी ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या वस्तूच्या शोधापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. म्हणजे फौजदाराला वस्तू शोधणे भाग झाले, आणि ती खरोखर सापडली की सापडवली, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला. गुप्तहेर कादंबरीला याहून अधिक काय लागते?

हा प्रश्न मी हातात धरून पाहिलेला आहे. मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेला कोयता, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, वर सुतळीची गाठ आणि गाठीवर लाखेची मोहोर, असा तो ऐवज असे. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ती लाख मऊ पडे, शेजारच्या पुडक्याला चिकटे आणि सोडवताना मोहोरेवरचे अर्धे अक्षर निघून जाई. बचावाचे वकील कोयत्याकडे नंतर पाहत, आधी मोहोरेकडे पाहत.

अशाच एका सापडलेल्या पुडीवरून एक अख्खे संस्थान हादरले होते, आणि त्याचा शेवट आमच्या उंबऱ्याशी येऊन झाला, हे लेखकाच्या ध्यानात असते तर त्यांनी ते वाक्य लिहिले नसते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेर यांनी नेहमीचे पपनसाचे सरबत घेतले, घोटभर पिऊन बाकीचे ओतून दिले, आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ पाहून त्यांना संशय आला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि मुंबईच्या सरकारी रसायन परीक्षकांनी त्या गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, व हिऱ्याची पूड असल्याचे सांगितले. मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन बडोद्यास आले. रेसिडेन्सीतील रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी अकबर अली नावाच्या पोलीस अंमलदाराला सापडली, आणि महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावरील आरोपाला हाताशी धरता येईल असे काहीतरी मिळाले. महाराजांच्या बचावासाठी खास लंडनहून आलेले नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमक्या त्या पट्ट्यावरच हल्ला चढवला. चौकशी मंडळ सहा जणांचे होते. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झालेला दिसला, ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तो तसा दिसला नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, पण त्यासाठी विषप्रयोगाऐवजी गैरकारभाराचे कारण पुढे केले. रिकाम्या गादीसाठी वारस शोधताना दूत पोहोचले ते मालेगावजवळच्या कवळाण्यात, शेतकरी घरातील १२ वर्षांच्या गोपाळरावापर्यंत, जे २७ मे १८७५ रोजी सयाजीराव झाले. मालेगाव तालुका १८६९ पर्यंत खानदेशातच मोडत होता. एका पुडीने कवळाण्याच्या मुलाला राजा केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, हे मला कळते. परंतु ती पुडी तेथे कोणी ठेवली हा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही, आणि तो लंडनमध्ये पडलेला नव्हता.

तपासाच्या कसबाबद्दलही थोडे लिहितो. माझ्या पणजोबांकडे गिरणाकाठच्या एका गावची पोलीस पाटीलकी होती, आणि त्यांच्या गोष्टी आजोबा आम्हाला सांगत. गावात चोरी झाली की पहाटे पहिले काम पाऊल झाकण्याचे. भिंतीच्या भोकाबाहेर उमटलेल्या पावलावर टोपली पालथी घालायची, म्हणजे वारा आणि कोंबड्या त्याला धक्का लावणार नाहीत. मग भिल्ल जागल्या येई. तो कडब्याची काडी पावलावर आडवी-उभी धरून नेमक्या मापाला मोडून घेई, आणि ती काडी मुंडाशात खोवून माग काढीत निघे. टाच खोल गेली असेल तर डोक्यावर ओझे आहे. पावलावरून किड्याची रेघ गेली असेल तर पाऊल रात्र उतरण्याआधीचे आहे. दहिवराने फुफाट्यावर धरलेली पापडी पावलाखाली मोडली असेल तर ते पहाटेचे आहे. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या पाटलाला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या गावाने एकतर माग आपल्या शिवेबाहेर काढून द्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे. आता कल्पना करा, की भर रात्री कोणी शेळ्यांचा कळप शिवेवरून मुद्दाम हाकून नेला आहे, आणि पहाटे दोन गावांचे पाटील त्या विस्कटलेल्या मातीवर समोरासमोर उभे आहेत. लंडनच्या फरसबंदीवर हा प्रसंग घडू शकत नाही.

विषांचेही तसेच. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये सोमल ओळखण्याची कसोटी शोधून काढली, आणि व्हिक्टोरियाकालीन कादंबऱ्या तिच्यावर पोसल्या गेल्या. आमच्या वाटसरूंना लुटणाऱ्यांचे हत्यार मात्र रस्त्याकडेला उगवणारा धोत्रा हे होते, आणि धोत्र्यापुढे मार्शची कसोटी निकामी ठरते. परीक्षकाला मांजराच्या डोळ्यात अर्काचा थेंब घालून बाहुली विस्फारते का हे पाहावे लागे. आणि मुळात हा ऐवज मुंबईस पोहोचायचा कसा? चाळीसगाव-धुळे रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली. त्याआधी स्पिरिटमध्ये ठेवलेल्या व्हिसेराची, म्हणजे मृताच्या पोटातील अवयवांची, लाखबंद बरणी बैलगाडीतून किंवा टांग्यातून चाळीसगावच्या स्थानकापर्यंत न्यावी लागे, आणि त्या रात्रभराच्या वाटेत बरणीबरोबर कोण कोण होते, ही एक स्वतंत्र कादंबरी आहे. स्थानकावर आणखी एक गंमत. रेल्वेचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले आणि ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटे पुढे होती. साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ १९०६ पासून आली. ‘गाडी सुटली तेव्हा मी फलाटावर होतो’ असे सांगणाऱ्या आरोपीला त्याकाळी कोणत्या घड्याळाने, असे विचारणे आवश्यक होते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र भाषा. खानदेशातील साक्षीदार अहिराणीत बोलणार, देशावरून बदलून आलेला कारकून ते आपल्या मराठीत, मोडी लिपीत उतरवून घेणार, आणि साहेबापुढे त्याचा इंग्रजी तर्जुमा जाणार. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. दोहोंत फरक एका कान्याचा. अंधारात वाड्याच्या मागच्या दाराने बाहेर पडताना म्हातारीने आंडेर पाहिली होती, की कारकुनाच्या घाईच्या मोडीने गिळलेला काना मूळचा होता आणि तो आंडोर होता? क्रियापदावरून कळेल असे कोणी म्हणेल. परंतु अहिराणी न समजणाऱ्या कारकुनाने क्रियापदे आपल्या समजुतीप्रमाणे सरळ करून घेतली असतील तर? खानदेशी वाचकाला हे कोडे पानभर आधी सुटेल आणि पुण्याच्या वाचकाला सुटणार नाही, याचा मला थोडा आसुरी आनंदही होतो.

हे सारे हाताशी असताना आपल्याकडे होते काय, तर अलीकडेच हाती आलेल्या एका मराठी कादंबरीत १८६८ सालचा फौजदार तांब्यावरील बोटांचे ठसे घेतो आणि धुळ्याहून आगगाडीने मुंबईस जातो. ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याचे सरकारी कार्यालय कलकत्त्यास १८९७ मध्ये निघाले, आणि त्याची वर्गीकरण पद्धत घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोघा अंमलदारांचा मोठा वाटा होता. स्कॉटलंड यार्डात ते कार्यालय त्यानंतर, १९०१ मध्ये सुरू झाले. पुस्तक मी नाव न घेता बाजूला ठेवतो, कारण त्याची खरी चूक सनावळीची नाही. तपास करणाऱ्याला काय कळू शकत नव्हते, यावर या प्रकारच्या कादंबरीचे सारे बळ असते, आणि त्याला सर्व काही कळू लागले की ती आजच्या पोलिसांना पागोटे घातल्यासारखी दिसते. त्याच पुस्तकात भिल्ल पात्र आले की ते चोर असणार हे दुसऱ्या पानावर कळते. साहेबाने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि तो शिक्का कागदावरून काढायला १९५२ साल उजाडावे लागले. आजच्या मराठी लेखकाने तो पुन्हा उमटवावा हे मला अत्यंत अनुचित वाटते. माग काढणारे डोळे तर त्या भिल्ल जागल्याचेच होते.

हेतूंची तर खानदेशात कधीच वाण नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव असे चढले, की रुईत सरकी, माती आणि पाणी मिसळून गाठी जड करणाऱ्यांना आवरण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ मध्ये खास कायदा करावा लागला. गाठी उघडून पाहणारा निरीक्षक, त्याला हवा असलेला आणि नको असलेला व्यापारी, आणि १८६५ मध्ये भाव कोसळल्यावर दोघांच्या दारात उभा राहिलेला सावकार, इतकी माणसे एका कादंबरीला पुरेशी आहेत.

म्हणून माझ्या आपणास दोन विनंत्या आहेत. एक, लेखातील ते वाक्य दुरुस्त करावे. दुसरे, आपल्या दिवाळी अंकासाठी खानदेशात घडणारी अशी एक दीर्घकथा एखाद्या जाणत्या लेखकाकडून मुद्दाम लिहून घ्यावी. जुने कागद पाहण्यासाठी धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि मोडी वाचून देणारी माणसे गावात अजून आहेत. लेखकाने फक्त अहिराणी जाणणारा एक सोबती बरोबर घ्यावा आणि आंडेर लिहिताना कान्याकडे लक्ष ठेवावे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
धुळे