दोन शिक्षक आणि पाच इयत्ता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षण हक्क कायद्यान्वये खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांची चर्चा बडोद्यात प्रवेशाच्या दिवसांत होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र ज्यांना तेथे जागा मिळत नाही, त्या मुलांच्या सरकारी शाळांविषयी तितक्या आस्थेने बोलले जात नाही.

२००९ च्या या कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील, तर दोन शिक्षक पुरेसे मानले जातात. तीस मुलांमागे एक, हे प्रमाण कागदावर नेटके दिसते. पण प्रत्यक्षात दोघांना पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात आणि एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला फळ्यावरचे उतरवून घेण्यात गुंतवून ठेवावे लागते. ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही आणि शिकवणीला पैसेही नाहीत, त्याचे नुकसान यात सर्वाधिक होते. त्यातच कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुकीच्या कामांना मुभा देते, म्हणजे या दोघांपैकी एक जण वर्गाबाहेर गेला, तरी त्याला कायद्याचीच संमती!

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. त्यांच्या राजधानीने तरी शिक्षकसंख्या पटावर नव्हे, तर इयत्तांवर ठरवण्याची मागणी लावून धरावी. कलम २६ नुसार मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. मंजूर आणि भरलेल्या पदांचा आकडा प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर लावल्यास पालकांना निदान जाब विचारता येईल.

आपला,
एक वाचक, बडोदा