तुमच्या आडव्या पायासाठी

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ११ एप्रिलला दुपारी आमच्या गावच्या सभागृहाच्या दाराशी बसून तुम्ही येणाऱ्यांची नावं लिहून घेत होता. ओढणीला लाल ट्यूलिपचा बिल्ला होता. सकाळी तिथंच महात्मा फुल्यांची जयंती झालेली, तसबिरीवरचा झेंडूचा हार अजून टवटवीत होता, आणि दुपारी तुमचा कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, माहितीचा कार्यक्रम. १८१७ मध्ये ज्यांनी या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं, त्या लंडनच्या डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचाही जन्म ११ एप्रिलचाच, हे तुमच्या फलकावर वाचलं.

पण लिहायचं आहे ते त्या दाराबद्दल.

बाबा माझा हात धरून पायरी चढले आणि उंबऱ्याशी येऊन थांबले. पाय जमिनीला चिकटले. अंग पुढे झुकलेलं, टाचा उचललेल्या, पाऊल मात्र सुटत नाही. मागे माणसं खोळंबली. कोणीतरी "चला, चला" म्हणालं, एकाने मदत म्हणून पाठीला हात लावून पुढे रेटलं. मी दंड धरून ओढत होते. घरी रोज तेच करत होते. त्या कितीतरी महिन्यांत बाबा पहिल्यांदा चार माणसांत आले होते, आणि मला वाटलं, आता हे पुन्हा कधी यायचे नाहीत.

तुम्ही खुर्चीवरून उठलात, माझा हात बाजूला केलात आणि तुमचा उजवा पाय बाबांच्या पायांपुढे आडवा ठेवलात. अनवाणी पाय, बोटात जोडवं, टाचेला भेगा. म्हणालात, "काका, घाई नाही. माझ्या पायावरून पलीकडे पाऊल टाका."

बाबा म्हणाले, "लेकीबाळीचा पाय कसा ओलांडू?"

"त्यासाठीच ठेवलाय. ओलांडा."

आणि त्यांनी ओलांडला. एक पाऊल पडलं, मग दुसरं, मग ते चालतच आत गेले. मागे वळून त्यांनी तुम्हाला हात जोडले, पण तोवर तुम्ही पुन्हा नावं लिहायला बसला होता.

आपल्याकडे पाय आडवा घालतात तो माणसाला पाडायला. तुमच्या पायाने माझ्या बाबांना चालवलं.

नंतर आतल्या भाषणात कारण कळलं. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात, त्यामुळे एरवी मनात न आणता होणारी चाल अडते. पण समोर ओलांडायला काही दिसलं, जमिनीवर आखलेली रेघ असो की कोणाचा पाय, तर मेंदू दुसऱ्या वाटेने ते पाऊल उचलतो. ओढलं की उलट तोल जातो. इतकी साधी गोष्ट तोवर आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

कोणी सांगितली नव्हती, हे जरा रागानेच लिहिते आहे. बाबा तलाठी होते. हाताने सातबारा लिहिण्याचे दिवस होते ते, आणि त्यांचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. बँकेने सही जुळत नाही म्हणून पैसे काढायची स्लिप परत केली, तीही भर रांगेत, मोठ्या आवाजात. उजवा खांदा आखडला तर एका डॉक्टरांनी वर्षभर खांदाच शेकायला लावला. दुसरे म्हणाले, वय झालं. उदबत्तीचा वास येईनासा झाला होता, झोपेत ओरडत होते, लाथा मारत होते. चेहरा हलेना, तर शेजारचे म्हणायला लागले की तलाठीबुवांना माज आलाय. अशी तीन वर्षं गेली. हात थरथरत नव्हता ना! आजाराच्या नावातच कंप, त्यामुळे कंप नाही तर आजार नाही, असंच सगळे धरून चालले. आम्हीसुद्धा.

मग गेल्या दिवाळीत एस.टी. स्टँडवर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशेजारी, तुमच्या लोकांनी लावलेला कागद दिसला. "हात थरथरत नसला तरी कंपवात असू शकतो." खाली अक्षर, वास, खांदा, झोप, चालताना न हलणारा एक हात. माझी गाडी आली आणि गेली, मी तिथेच उभी. जाहिरातींसारखा गुळगुळीत छापलेला कागद नव्हता तो, साधी झेरॉक्स होती, एक कोपरा सुटून फडफडत होता. कोणीतरी भर उन्हात उभं राहून खळ लावून तो चिकटवला असणार. त्या माणसालाही माझा नमस्कार सांगा. आजाराचं निदान तिथून पुढे झालं. गोळ्यांनी हात सैल झाले, बाबा पुन्हा स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावतात. हा आजार बरा होत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

ताई, मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातले बरेच जण आजारी माणसाला सामानासारखं उचलतात. तुम्ही बाबांना विचारलंत, माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोललात. त्यांना वेळ दिलात. त्यांच्या संकोचाला हसला नाहीत. अशी माणसं गावात दोन जरी असली ना, तरी म्हातारपणाचं भय कमी होतं.

आता घरी न्हाणीघराच्या दारात पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. आई पाय आडवा ठेवायला आधी तयार नव्हती, नवऱ्याने आपला पाय ओलांडायचा म्हणजे काय, म्हणायची. आता ठेवते. माझा सात वर्षांचा मुलगा तर आजोबा उठले की धावत जाऊन उंबऱ्यावर पाय ठेवतो आणि "आजोबा, ओलांडा" म्हणतो.

हे पत्र आधी कागदावर लिहिलं, कारण बाबांना त्यावर सही करायची होती. मी नको म्हणत होते, वेळ लागेल म्हणून. त्यांनी नातवाची दुरेघी वही मागून घेतली, चार वेळा गिरवलं आणि मग माझ्या नावाखाली सही केली. दोन्ही रेघांना टेकेल एवढी मोठी.