एका विद्यार्थ्याला एक रुमाल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इतिहास विषयाच्या एम.ए.चे दुसरे सत्र सुरू झाले की विभागात एकच धावपळ उडते. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आली. चार श्रेयांक, म्हणजे १२० तासांचे प्रत्यक्ष काम. वाणिज्यची मुले सीएकडे जातात, रसायनशास्त्राची कारखान्यात जातात, मग इतिहासाच्या मुलांना दप्तरखान्यात पाठवायचे, हे ओघानेच आले. तिथे कागद पडून आहेत, माणसे कमी आहेत आणि मुलांना तास भरायचे आहेत. मीही हाच हिशेब मांडला होता. पहिल्याच वर्षी तो चुकला. आता मी निवृत्त झाले आहे, पण विभागांची ती धावपळ अजून तशीच आहे, म्हणून हे पत्र.

त्या वर्षी आम्ही चार विद्यार्थी एका खासगी संग्रहात पाठवले. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नव्हता. शिफारसपत्र देऊन मी मोकळी झाले होते. मुलांना तिथे काय काम द्यायचे, हे ना त्यांनी ठरवले होते, ना मी विचारले होते. दोघांनी जुने रजिस्टर नव्या रजिस्टरात उतरवून काढले. एकीचे दिवस झेरॉक्सच्या यंत्रापाशी गेले. चौथा मुलगा फार मनापासून काम करणारा. त्याच्या हातात एक रुमाल देऊन ‘हा जरा नीट लावून ठेव’ एवढेच सांगितले गेले.

ज्यांनी रुमाल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुनी दप्तरे कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. एकेका रुमालात शेकडो कागद निघतात, काही एकमेकांत गुंडाळलेले, काही दोऱ्यात ओवलेले, काही नंतर कुणी टाचणीने अडकवलेले. त्या मुलाने गाठ सोडली, धूळ झटकली, गंजलेल्या टाचण्या काढून टाकल्या आणि मोठे कागद खाली, लहान वर अशी सुबक चळत रचली. शनिवारी मी गेले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने दाखवले, “मॅडम, बघा, आता कसं व्यवस्थित झालं.” माझ्या पोटात गोळा आला. कारण दप्तरातल्या कागदाचा अर्थ निम्मा त्याच्या शेजाऱ्यांवरून लागतो. ज्या चिठीवर मिती म्हणजे तारीख नाही, तिच्या मागेपुढे मिती घातलेल्या याद्या असतील तर तिचाही काळ कळतो. हिशेबाला कोणती पावती जोडलेली होती, हे ती टाचणीच सांगत असते. त्या रुमालाचा मूळ क्रम गेला तो गेलाच. त्या पोराला मी काय बोलणार? कागद ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने ठेवायचे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. शेवटी चौघांनाही १२० तासांची प्रमाणपत्रे मिळाली आणि श्रेयांकही जमा झाले.

दुसऱ्या वर्षी मी मुले पाठवण्याआधी स्वतः गेले, दुसऱ्या एका संग्रहात. तिथल्या जाणत्या कार्यकर्त्यांना एकच विचारले, रोज दोन तास तुम्ही मुलांशेजारी बसाल का? ते म्हणाले, बसेन, पण तीनच मुले द्या. मला त्यांचे ते ‘तीनच’ फार आवडले. जी संस्था दहा मुले आनंदाने घेते, तिथे दहांकडे कुणी बघणार नाही हे धरून चालावे. आणि ‘यंदा जमणार नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेचा मान राखावा.

मग ठरवले की एका विद्यार्थ्याला एक रुमाल द्यायचा. जास्त नाही. १२० तासांत तो उघडायचा, त्यातल्या प्रत्येक कागदाची नोंद करायची आणि पुन्हा बांधून जागेवर ठेवायचा. पहिले तीन दिवस तर रुमाल सोडायचाच नव्हता, फक्त शिकायचे. हात धुऊन कोरडे करायचे. हातमोजे नकोत, कारण सुती मोज्यांतून कागदाचा अंदाज येत नाही आणि फाटकी कड त्यात अडकते. टेबलावर शाईचे पेन आणायचे नाही, शिसपेन्सिलच. फाटले तर सेलोटेप लावायचा नाही, बाजूला ठेवून सांगायचे. धूळ मऊ कुंचल्याने आतून बाहेर काढायची. टाचणी काढायचीच असेल तर आधी कोणते कागद एकत्र होते ते लिहून ठेवायचे. कागद जसा वर येईल तसा त्याला कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक द्यायचा. नोंदीचा तक्ताही साधा: क्रमांक, मिती, कोणी कोणास लिहिले, विषय एका ओळीत, पाने, अवस्था. जे वाचता आले नाही तिथे ‘वाचले नाही’ असे स्पष्ट लिहायचे. अंदाजाने भरलेला रकाना पुढच्या अभ्यासकाला वर्षानुवर्षे चकवत राहतो.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी एका कागदापाशी अडली. माण तालुक्यातून एसटीने येणारी, मोडी नुकतीच शिकलेली. मिती होती, ‘छ १९ जमादिलावल, इहिदे सितैन मया व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्र, जमादिलावल या मुसलमानी महिन्याची १९ तारीख; पुढे अरबी शब्दांत वर्ष. कार्यकर्त्यांनी उत्तर सांगितले नाही, तिलाच मांडायला लावले. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन ११६१, मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना. शुहूर वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकात, महिना पाहिला आणि आले डिसेंबर १७६०चे शेवटचे दिवस. कागदात काय, तर वैरणीचा हिशेब. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे पानिपताला अजून अठरा दिवस होते.” पानिपत तिने पाचवेळा तरी पाठ केले असेल. पण त्या वेळी गावात कुणीतरी वैरणीचे भारे मोजत होते, हे तिला त्या टेबलाशी बसून कळले. अभ्यासक्रमाने १२० तास ठेवले आहेत ते याच्यासाठी, असे मला अगदी मनापासून वाटते.

मोडी येत नसेल तर दप्तरात जाऊन काय करणार, असे सहकारी विचारतात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, परीक्षाही घेते. विभागांनी पहिल्या सत्रातच मुलांना त्या वर्गांत बसवावे. ऐन ओजेटीत बाराखडी गिरवत बसले तर तास त्यातच संपतात. ज्यांना मोडी जमणार नाही त्यांच्यासाठी इंग्रजी फायली, बाळबोधातले (देवनागरीतले) कागद, जुनी वर्तमानपत्रे, छायाचित्रे यांचे नोंदकाम पडलेलेच आहे. आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज किती आहे, हे २०२३ साली साऱ्या राज्याने पाहिले. न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे हुडकावी लागली.

पैशाबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण बोलले पाहिजे. बायकामुलींना एसटीत अर्धे तिकीट आहे, तरी महिनाभर रोजचे जाणे-येणे आणि दुपारचे जेवण हा खर्च होतोच. मुलग्यांना तर पूर्ण तिकीट. शिवाय सुट्टीत शेतावर किंवा दुकानात काम करून जे चार पैसे मिळाले असते तेही बुडतात. विनामोबदला इंटर्नशिप शहरात राहणाऱ्यांनाच परवडते. मग खेड्यांचे कागद वाचायला खेड्यातली मुले येणार कुठून? सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले. ती योजना शिकणाऱ्या मुलांसाठी नाही, पण त्याच धर्तीवर दप्तरात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला निदान प्रवासखर्च द्यायला काय हरकत आहे? विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम जाणवणारसुद्धा नाही.

आणखी एक. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष अशा ठरीव मथळ्यांचे चाळीस पानी अहवाल मागणे थांबवावे. मी असे अहवाल तपासले आहेत, त्यातली तीस पाने एकमेकांची नक्कल असतात. विद्यार्थ्याने केलेली यादी हाच अहवाल मानावा, तीच तपासावी. आणि त्या यादीवर त्याचे नाव घालावे. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते मदतनिसांच्या जोरावर. रुमालच्या रुमाल उपसणाऱ्या त्या मंडळींची नावे आज कितीजणांना ठाऊक आहेत?

मागच्या महिन्यात त्या संग्रहात सहज गेले होते. एक वयस्कर गृहस्थ आपल्या गावच्या जुन्या बंधाऱ्याचे काही सापडते का पाहायला आले होते. त्यांच्यापुढे आमच्या मुलांनी केलेली यादी होती. प्रत्येकाच्या रुमालाखाली त्याचे नाव. माणच्या मुलीच्या यादीतल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवले, क्रमांक सांगितला आणि पाच मिनिटांत तो कागद त्यांच्या टेबलावर आला.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा