माटोळीविना चवथ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका मराठी वाहिनीवर अलीकडेच नवी मालिका सुरू झाली. गोव्यातल्या एका जुन्या घराची गोष्ट, अशी जाहिरात महिनाभर चालली होती. माझी आई ८४ वर्षांची आहे. संध्याकाळी देवाकडे दिवा लावला की तिचे मनोरंजन म्हणजे टीव्हीच. आपल्याकडचे घर दिसणार म्हणून पहिल्या दिवशी ती वेळेआधीच खुर्ची ओढून बसली होती.

काही भागांनंतर त्या घरात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. थर्माकोलचे मखर, विजेच्या माळा, मागे ढोलताशा, ताटात उकडीचे मोदक. गणपतीच्या डोक्यावर मात्र काहीच नाही. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हांगा माटोळी खंय?" (इथे माटोळी कुठे?)

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. नारळाचा घड, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंग, आंबाडे, कांगणे आणि घागऱ्या अशी रानफळे केवण नावाच्या रानझुडपाच्या सालीच्या दोरांनी तिला बांधतात. कला व संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेते. आमच्याकडे मूर्ती लहान असली तरी चालते, पण माटोळीशिवाय गणपती बसत नाही. आरतीला घुमट आणि शामेळ ही वाद्ये लागतात. नैवेद्याला पातोळ्या आणि नेवऱ्या लागतात. यातले काहीही खर्चाचे नाही. कुठल्याही गोवेकराला एक फोन केला असता तरी कळले असते. तेवढेही कोणाला करावेसे वाटले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

वाहिनीचे आणि मालिकेचे नाव मी देत नाही, कारण तक्रार एका मालिकेपुरती नाही. हल्ली जी नवी मालिका लावावी तिच्यात गावाचे फक्त नाव असते. कोल्हापूर असो, नाशिक असो की गोवा, दिवाणखाना तोच आणि जिना तोच. घरातले पुरुष 'बिझनेस' करतात, तो कसला ते शेवटपर्यंत कळत नाही. बायका रात्री झोपतानाही भरजरी साडीत. गोव्याच्या त्या घराला कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे म्हणतात, पण सुपारी सोलताना अजून कोणी दिसलेले नाही.

आणि संवाद! मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो, पण त्याहून जास्त वर्षे गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभा राहिलो आहे. नट कुठे थांबणार, ती जागा संहितेत लाल पेन्सिलीने खूण करून ठेवावी लागते. ती जागा तालमीत महिनाभर घोटलेली असते, म्हणूनच दोन सेकंदांच्या शांततेत सगळा मांडव गप्प होतो. मालिकेत परवा एक बाई म्हणाली, "ती परत आली आहे." त्यावर नऊ जणांचे चेहरे एकामागून एक दाखवले, प्रत्येकाला ढगांचा गडगडाट. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मिनिटभराहून जास्त वेळ गेला होता. नटांची यात चूक नाही. त्यांतले काही जण मी रंगमंचावर पाहिलेले आहेत, चांगले आहेत. रोज एक भाग भरायचा म्हटल्यावर ते तरी काय करणार? दूरदर्शनवर १३ भागांच्या मालिका यायच्या. गोष्ट संपली की मालिका संपायची.

मराठी मालिकांना हे जमतच नाही असे मात्र नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतले घर, मालवणी बोलणारी माणसे. भुताखेताच्या गोष्टी मला आवडत नाहीत, तरीही ती भाषा कानावर पडावी म्हणून आम्ही मायलेक ती बघायचो. एप्रिल २०२१ मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रातले चित्रीकरण थांबले, तेव्हा कितीतरी मालिकांची युनिट्स गोव्यात आली होती. मे महिन्यात इथलीही परवानगी थांबेपर्यंत ती इथेच होती. इतके जवळ येऊनही आमची घरे कोणी आतून पाहिली नाहीत, असेच आता वाटते.

आईने ती मालिका लावणे सोडले आहे. मला अजूनही वाटते की लिहिणाऱ्यांनी एकदा यावे. तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या सकाळी, फोंड्याच्या बाजारात. रानातला माल घेऊन बायका पहाटेच वाटे लावून बसलेल्या असतात. कांगणे कुठली, घागऱ्या कुठल्या, हे त्या हातात घेऊन दाखवतात. उशिरा येऊ नये, चांगला माल लवकर संपतो.

आपला,
एक वाचक, फोंडा-गोवा